स्वखर्चाने उपस्थित राहावे

जून संपत आला की आमच्या घरी पेपर मागच्या पानांपासून वाचला जायचा. शिक्षणसंस्थांच्या जाहिराती तिथं असतात. वर ठळक अक्षरांत ‘पाहिजेत’, खाली तक्ता: विषय, पदसंख्या, प्रवर्ग, आणि शेवटच्या रकान्यात ‘तासिका तत्त्वावर’. तक्त्याखाली बारीक टाइपात एक ठरलेली ओळ, उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे. माझा विषय भूगोल, मी तासगावची. भूगोलाची जागा निघायची ती बहुतेक वेळा सांगली जिल्ह्याबाहेर. सेट परीक्षा पास झाल्यानंतरचे कितीतरी जुलै-ऑगस्ट मी एसटीत आणि रेल्वेत काढले, वर्धा ते रत्नागिरी.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अनुदानित महाविद्यालयातला पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त झाला आणि ती जागा भरायला शासनाची परवानगी नसली, की त्याचे तास तासिका तत्त्वावरच्या सीएचबीवाल्यांकडून भागवून घेतात. एकाला आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास, म्हणजे एका जागेवर दोन माणसं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पदवीच्या एका व्याख्यानाचे ५०० रुपये ठरले, पुढे त्यात वाढही झाली. पाचशेनंच हिशेब करून बघा. नऊ तास, चार आठवडे, अठरा हजार. हे कागदावर. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीसाठी वर्ग ताब्यात गेले ते दिवस, सगळं वजा. मे-जून शून्य. पैसे दर महिन्याला येत नाहीत. बिल सहसंचालक कार्यालयात जातं, त्रुटी निघते, परत येतं, पुन्हा जातं. पात्रता मात्र पूर्णवेळ माणसाचीच: पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि वर नेट, सेट किंवा पीएच.डी.

एवढं सगळं माहीत असून माणूस दोन जिल्हे ओलांडून मुलाखतीला का जातो, असं मला अनेकांनी विचारलंय. कारण अनुभवाचं प्रमाणपत्र. उद्या कायम जागा निघाली तर अर्जात अनुभवाचा रकाना असतो. तो कोरा ठेवायची भीती इतकी मोठी असते की तिच्यापुढे तिकिटाचे पैसे कुणी मोजत नाही.

सुरुवातीची वर्षं वडील सोबत यायचे. मुलाखती ज्या महाविद्यालयात असत तिथं आवारात हमखास एखादं कडुलिंबाचं किंवा गुलमोहराचं झाड असायचं आणि त्याखाली आमच्यासारख्यांचे वडील, भाऊ, नवरे जमायचे. आम्ही आत फायली चाळत बसलेलो असू तेव्हा बाहेर द्राक्षाचे दर, सोयाबीनचा पेरा, कुणाच्या जावयाला किती पगार, असं सगळं निघायचं. संध्याकाळी परत निघताना मला आतल्या उमेदवारांची नावंही आठवत नसत. वडिलांना मात्र बाहेरच्या प्रत्येकाचं गाव, रान आणि विहिरीचं पाणी पाठ झालेलं असायचं. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी ऐकेनासं केलं आणि मी एकटी जायला लागले. तेव्हा कळलं की रस्त्यातल्या निम्म्या अडचणी त्यांनी माझ्यापर्यंत येऊच दिल्या नव्हत्या.

त्यातली एक स्पष्ट सांगते, कारण बायका आपापसांत बोलतात पण लिहीत नाहीत. रात्रभर प्रवास करून सकाळी साडेदहाला मुलाखतीला साडी नेसून, ताजं दिसत उभं राहायचं असतं. साडी नेसायची कुठं? रेल्वे स्टेशनचं लेडीज वेटिंग रूम मिळालं तर नशीब. तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात निऱ्या घालणं हे कौशल्य कुठल्याच एपीआय गुणांकनात धरलेलं नाही. मी शेवटी ठरवलं की इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून जायचं. पहिल्याच ठिकाणी समितीतल्या एका बाईंनी माझ्या ओढणीकडे बघून घेतलं. निवड झाली नाही, पण त्या दिवशी मी निदान शांतपणे उत्तरं दिली. पुन्हा प्रवासात साडी बरोबर घेतली नाही.

विदर्भातली एक मुलाखत मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. मिरजेला दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं, पुणे, दौंड, नगर, मनमाड, रात्र सरली की भुसावळ, मग अकोला, बडनेरा. कोल्हापूरहून गोंदियापर्यंत ही गाडी राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते आणि भूगोलवाल्याला खिडकी मिळाली तर एक पूर्ण सत्र शिकवते. आमच्याकडच्या द्राक्षबागा आणि ऊस, उजाडताना तापीच्या खोऱ्यातल्या केळी, मग काळ्या जमिनीवर कपाशीचे कोवळे तास. स्लीपरच्या डब्यात मी हे सगळं वहीत टिपून घेतलं. त्या वहीतलं पुढे वर्गात कितीतरी वापरलं.

वर्ध्याजवळ मामेबहिणीच्या नणंदेकडे रात्र काढली. त्या घरात मी आधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या बाईंनी पहाटे उठून पोळ्या बांधून दिल्या आणि ‘जागा पक्की आहे ना जी?’ एवढंच विचारलं. काय सांगणार? हो म्हटलं.

महाविद्यालयात साडेनऊला पोचले. एका वर्गात आम्ही तीसेक जण, पाच-सहा विषयांचे. एक तरुण सर हजेरीचं रजिस्टर घेऊन फिरत होते, सह्या घेत होते, पाण्याचा जार कुठं आहे ते सांगत होते, बाहेरच्यांना खानावळीचा रस्ता दाखवत होते. बेल वाजली की तेच नाव पुकारायचे. मला वाटलं कार्यालयातले असतील. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांनी रजिस्टर शिपायाकडे दिलं, खिशातून कंगवा काढून केस नीट केले, कपाटावरची स्वतःची फाईल घेतली आणि पुढचं नाव पुकारलं गेल्यावर आत गेले. भूगोल. मागची चार वर्षं तिथं तेच शिकवत होते.

मला साडेचारला बोलावलं. आत पाच माणसं, समोर बिस्किटांच्या रिकाम्या प्लेटा. ‘सांगलीहून? एवढ्या लांबून?’ हा पहिला प्रश्न. ‘राहणार कुठं?’ हा दुसरा. ‘मिस्टर काय करतात?’ हा तिसरा. लग्न झालं नव्हतं, तसं सांगितलं, तर ‘मग झाल्यावर सोडून जाल’ असं हसत हसत म्हणाले. विषयावर एकही प्रश्न नाही. पाच मिनिटांत बाहेर. ते सर दाराशीच होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘मॅडम, परतीचं रिझर्वेशन आहे का?’ त्यांना खरोखर अवघडल्यासारखं झालं होतं. मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. पण ज्या माणसाला आपलीच जागा टिकवण्यासाठी आपल्याच प्रतिस्पर्ध्यांना पाणी द्यावं लागतं, त्याच्यावर काय चिडायचं!

या वर्तुळात एक गंमत आहे. नोकरी कुणालाच नसते, पण सगळे एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतात. स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, चहाच्या टपरीवर. ‘सर, तुमचं एम.फिल. कुठल्या वर्षीचं?’ ‘मॅडम, तुमच्या गाइडनं सही दिली का?’ टपरीवाला बघत राहतो, एवढे प्राध्यापक आणि चहा कटिंग! एकाच जागेसाठी आलेले लोक एकमेकांना जातवैधतेच्या झेरॉक्स देतात, पिना देतात, पुढच्या आठवड्यात उदगीरला की अंबाजोगाईला जागा आहे तेही सांगतात. ही माहिती दडवून ठेवणारे मला फार थोडे भेटले. आत जे चालतं त्यानं मन विटलं तरी बाहेरच्या बाकड्यावरची ही माणुसकी खोटी नव्हती.

आता फायलीबद्दल. माझी फाईल पुढे इतकी जाड झाली की तिला स्वतंत्र पिशवी लागायची. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, सेटचं प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेअर, नावातल्या बदलाचं राजपत्र, शोधनिबंध, परिषदांची प्रमाणपत्रं. पूर्वी प्रत्येक प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागायचा. तो देणारा माणूस शोधत तहसीलमध्ये दिवस जायचा. स्वयंसाक्षांकन आल्यावर तेवढा त्रास संपला. तरीही प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा, अर्जाचा क्रम वेगळा, कुठं तीन संच, कुठं पाच. झेरॉक्स, प्रवास, राहणं, जेवण असा एका मुलाखतीचा खर्च मी एका वर्षी वहीत लिहायला घेतला आणि मध्येच बंद केला, कारण आकडा वडिलांच्या हाती लागू नये असं वाटलं.

आणि ते दुसरंही सांगायला हवं. कायम जागेच्या एका मुलाखतीनंतर व्हरांड्यात एक गृहस्थ आले. समितीत ते नव्हते. कुठून आलात, शेती किती, भाऊ काय करतो, असं विचारत विचारत म्हणाले, ‘तुमची तयारी किती?’ मी म्हटलं, ‘सर, सगळा अभ्यासक्रम झालाय.’ ते हसले आणि पुढच्या उमेदवाराकडे गेले. मला बसमध्ये बसल्यावर अर्थ लागला: ते पैशांची तयारी विचारत होते. यावर जास्त लिहिण्यात हशील नाही. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आकडे माहीत आहेत.

बदल झाला तो कोकणात. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून जाणारी गाडी, जुलैचा तिसरा आठवडा, साखरप्याच्या पुढे समोरचं काही दिसत नव्हतं. महाविद्यालयात पोचले तेव्हा फायलीचं प्लॅस्टिक आतून ओलं. समितीत विद्यापीठाकडून आलेले एक म्हातारे विषयतज्ज्ञ होते. त्यांनी माझे कागद बाजूला सरकवले आणि म्हणाले, ‘पर्जन्यछायेचा प्रदेश. एफ.वाय.च्या मुलांना सांगा. पुस्तकातलं नको.’

मी म्हटलं, सर, काल मी तासगावहून निघाले तेव्हा रस्त्यावर धूळ होती. आमच्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, इथं तीन हजारांच्या वर. मध्ये फक्त सह्याद्री आणि पाच-सहा तासांची एसटी. समुद्रावरून आलेलं बाष्प तुम्ही इथंच उतरवून घेता आणि आमच्याकडे कोरडा वारा पाठवता. पण त्या कोरड्या हवेवरच आमची द्राक्षं शेडमध्ये वाळतात आणि बेदाणा होतो. तासगावच्या बेदाण्याचा सौदा आंबा घाटाच्या अलीकडे कधी भरणार नाही. त्यांनी पुढे विचारलं की मग अवकाळी पाऊस आल्यावर काय होतं? मी एका वर्षी शेडमधला माल काळा पडलेला सांगितला. पंधरा मिनिटं आम्ही दोघं बोलत होतो आणि बाकीचे तिघं घड्याळ बघत होते. इतक्या मुलाखतींत पहिल्यांदा कुणीतरी मला माझा विषय विचारला होता.

ऑर्डर मिळाली. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत. खोलीभाडं, मेस आणि महिन्यातून एकदा गावी जाणं, एवढा खर्च आधी घरून आणायचा, कारण पहिलं मानधन दिवाळीनंतर बऱ्याच उशिरा झालं. तास नऊ होते, पण नॅकची फाईल, एनएसएसचं शिबिर, युवा महोत्सवाची तालीम, परीक्षेचं सुपरव्हिजन यांचे तास कुणी मोजत नव्हतं. ‘मॅडम, तुम्ही इथंच राहता ना’, हे एक कारण पुरेसं असायचं. गावचा माणूस तास संपले की शेतावर जातो, बाहेरून आलेल्याला जायला जागा नसते, म्हणून काम त्याच्याकडे येतं. तक्रार आहेच, पण त्या मुलांना टोपोशीट वाचायला शिकवलं ते दिवस मला आजही परत हवे आहेत. समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथं कडा आहे, हे सांगताना खिडकीतून तो कडा दाखवता यायचा.

मार्चनंतर ऑर्डर संपली. जुलैत त्याच जागेची जाहिरात पुन्हा आली आणि मी पुन्हा अर्ज केला, माझ्याच जागेसाठी. मुलाखतीच्या दिवशी सकाळी कार्यालयातून निरोप, ‘मॅडम, उमेदवारांच्या सह्या तेवढ्या घ्या.’ रजिस्टर हातात आलं. परभणीहून एक मुलगी आली होती, दोन गाड्या बदलून, सोबत भाऊ. ती मला म्हणाली, ‘मॅडम, इथं कुणी आधीचं आहे का हो?’ मी तिला कॅंटीनमध्ये नेलं आणि सांगितलं, ‘मीच आहे.’ ती चहाच्या ग्लासाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, ‘मानधन वेळेवर होतं का?’ मी खरं ते सगळं सांगितलं. मुलाखत देऊनच ती गेली आणि फार चांगली दिली असं त्या तज्ज्ञांनीच नंतर सांगितलं. निवड माझी झाली. ते न्याय्य होतं की नाही हे मी आजही ठरवू शकत नाही. माझं वर्षभराचं काम खरं होतं, आणि तिचा प्रवास फुकट गेला हेही खरं.

त्या दिवसापासून मी एक पद्धत धरली. जाहिरात दिसली की अर्जाच्या आधी कार्यालयात फोन. प्राचार्यांना नाही, अधीक्षक किंवा मोठ्या बाबूंना. सकाळी नको, दुपारी जेवणानंतर. तीन गोष्टी विचारायच्या: वर्कलोड पूर्ण नऊ तासांचा आहे का, मागच्या वर्षीचं बिल पास झालं का, आणि मागच्या वर्षी कोण होतं. पहिल्या दोन प्रश्नांना बाबू लोक सरळ उत्तर देतात. तिसऱ्याला थांबतात, मग ‘बघा मॅडम, यायला काही हरकत नाही’ म्हणतात. हे वाक्य ऐकलं की मी तिकीट काढत नसे. मुलाखतीतही मी विचारायला लागले. एका ठिकाणी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं अध्यक्ष सहज बोलून गेले आणि मी मानधन किती महिन्यांनी होतं ते विचारलं. ते प्राचार्यांकडे बघायला लागले. प्राचार्य प्रामाणिक निघाले, ‘आठ महिने’ म्हणाले. जागा मिळाली नाही, पण मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला.

मधल्या काळात बरंच काही झालं. २०१७ च्या मे महिन्यात भरती थांबली, २०१८ च्या नोव्हेंबरात ३५८० जागा भरायला परवानगी मिळाली, २०२१ च्या नोव्हेंबरात २०८८ जागांना. प्रत्येक वेळी फायली पुन्हा निघाल्या. कोरोनात मुलाखती मोबाइलवर झाल्या. रेंज नसली तरी प्रवास नव्हता, आणि चार मिनिटांच्या मुलाखतीला चार मिनिटंच लागतात हे त्या वर्षी सिद्ध झालं. मग शाळा-कॉलेजं उघडली आणि सगळे पुन्हा प्रत्यक्ष बोलवायला लागले. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. आमच्या व्यवसायाला सरकारनं दिलेली खरी मदत कुठली असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

मी आता घरापासून जाऊन-येऊन करता येईल अशा एका महाविद्यालयात तासिका घेते आणि संध्याकाळी स्पर्धापरीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवते. संध्याकाळच्या वर्गाचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. दूरच्या मुलाखतींना जात नाही. पण दर जुलैला कुणीतरी फोन करतं, मॅडम, अमुक ठिकाणी जाऊ का? मी त्यांना फोन करून विचारायला सांगते, आणि परतीचं तिकीट आधी काढायला सांगते.

संस्थाचालक आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे. जाहिरात तुम्ही छापताच, त्यात आणखी तीन ओळी छापा: आठवड्याला तास नक्की किती, मागच्या वर्षीचं मानधन कुठल्या महिन्यात झालं, आणि त्या जागेवर सध्या कुणी काम करतंय का. विषयवार वेळ द्या, म्हणजे साडेनऊला आलेल्या माणसाला साडेचारपर्यंत बसावं लागणार नाही. पहिली फेरी मोबाइलवर घ्या. आणि त्यानंतरही ज्याला दुसऱ्या जिल्ह्यातून बोलवाल, त्याचं एसटीचं भाडं संस्थेनं द्यावं.